आवळा तोडणी हंगामासाठी सल्ला : फळ झोडपू नये, पोती उन्हात ठेवू नयेत

येत्या नोव्हेंबरपासून आवळ्याची तोडणी सुरू होईल. दरवर्षी याच वेळी एक हेळसांड हमखास दिसते : काठीने झोडपून पाडलेली फळे पोत्यांत कोंबली जातात आणि टेम्पो येईपर्यंत ती पोती बांधावर उन्हात पडून राहतात. मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या कोरडवाहू बागांत वर्षभर जपलेला माल शेवटच्या एका दुपारी असा हातचा जातो, हे पाहवत नाही.

यामागचे रसायनशास्त्र बागायतदाराने समजून घ्यावे. आवळ्यातील क जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. ऑक्सिडीकरण होऊन त्याचे दोन इलेक्ट्रॉन गेले की डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल तयार होते. धडधाकट फळाच्या पेशीत ग्लुटाथिओन हे संयुग आणि डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बेट रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा मूळ रूपात आणतात. म्हणजे झीज होते तशी ती भरूनही निघते. फळ दगडावर आपटून ठेचले की पेशी फुटतात, पेशीभित्तिकेजवळचे तांबेयुक्त ऑक्सिडेज विकर व हवा रसाला भिडतात आणि ही दुरुस्ती बंद पडते. मग डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या रेणूतील कडे पाण्यामुळे उघडते व डायकिटोगुलोनिक आम्ल बनते. तिथून परतीची वाट झाडातही नाही आणि माणसाच्या शरीरातही नाही. आवळ्याचा आंबटपणा व टॅनिन (तुरट द्रव्ये) ही क्रिया मंदावतात हे खरे, पण ठेचलेल्या, तापलेल्या ढिगात त्यांच्या भरवशावर राहू नये.

डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल स्वतः निरुपयोगी नसते. आपल्या पेशी ते ग्लुकोजच्याच वाहकांतून आत घेतात व पुन्हा क जीवनसत्त्वात बदलतात. मात्र प्रक्रिया उद्योगाच्या प्रयोगशाळेत नेहमीची चाचणी इंडोफेनॉल या निळ्या रंगद्रव्याने होते. मूळ अ‍ॅस्कॉर्बिक आम्लच त्याचा रंग घालवते आणि ते संपले की पुढचा थेंब गुलाबी राहतो. ऑक्सिडीकृत रूप या मोजणीत धरलेच जात नाही, त्यामुळे तुमच्या फळाचा आकडा कमी येतो.

म्हणून दव सुकल्यावर, ऊन चढण्याआधी, फळे हाताने किंवा जाळीच्या झेल्याने तोडावीत आणि क्रेटमध्ये भरून थेट सावलीत न्यावीत. बी पांढरट असेल तर थांबावे. ते तपकिरी-काळसर झाले की फळ पक्व समजावे. पश्चिमेकडच्या फांद्यांवरची फळे संध्याकाळी तोडली तर ढीग लवकर ऊब धरतो, असे माझे निरीक्षण आहे. त्याला कोणत्याही शिफारशीचा आधार नाही, तरी मी ती फळे सकाळीच काढायला सांगतो. अवकाळीचा इशारा असेल तर पक्व फळे पावसाआधी उतरवावीत, कारण ओली, ठेचलेली फळे एकत्र भरली की निळी बुरशी सगळ्या ढिगात पसरते.

इतर कामे :
- पडलेली व किडकी फळे वेचून नष्ट करणे
- फळांनी लगडलेल्या फांद्यांना आधार देणे
- ठेचलेला माल वेगळा काढून त्याच दिवशी प्रक्रियेला देणे
- गर आतून तपकिरी पडत असल्यास, विशेषतः फ्रान्सिस जातीत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 10 ते 15 दिवसांच्या अंतराने बोरॅक्सची 0.6 टक्के (लिटरमागे 6 ग्रॅम) फवारणी करणे

सध्या दुकानांतून ‘फळाची ताकद वाढवणारे’ अ‍ॅस्कॉर्बिक आम्लयुक्त टॉनिक गळ्यात मारले जाते. ते घेऊ नये. बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात हे आम्ल टिकत नाही, आणि त्याच टाकीत कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशक मिसळले, किंवा आधीचे थोडे राहिले असले, तरी तांब्यामुळे त्याचे ऑक्सिडीकरण फवारणी संपण्याआधीच सुरू होते. बाटलीच्या त्याच पैशांत क्रेट घ्यावेत, ते अनेक हंगाम चालतील.

घरी कँडी किंवा सुपारी करणाऱ्यांनी स्टीलची सुरी व स्टीलचीच किसणी वापरावी. लोखंडाने टॅनिन काळे पडते आणि तांब्याच्या भांड्यात क जीवनसत्त्व झपाट्याने जाते. त्याच दिवशी काम उरकणार नसेल तर अखंड फळे मिठाच्या 15 टक्के द्रावणात पूर्ण बुडवून झाकून ठेवावीत, आणि कापलेल्या फोडी मात्र रात्रभर उघड्या ठेवू नयेत.