जुन्या फियाटचं टायमिंग पुढे घेताय? या चुका टाळा

खंबाटकी घाट चढताना आमच्या पद्मिनीचा तिसऱ्या नंबरचा पिस्टन गेला. त्याच्या आठच दिवस आधी मी स्वतः तिचं टायमिंग पुढे घेतलं होतं, म्हणजे प्लगमधली ठिणगी अजून लवकर पडेल असं केलं होतं. डेल्कोचा (प्लगना पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) क्लॅम्प ढिला केला, इंजिन चालू ठेवून डेल्को हाताने हळूहळू फिरवत गेलो आणि आवाज जिथे सगळ्यात खणखणीत लागला तिथे आवळून टाकला. पिकअप खरंच सुधारल्यासारखं वाटत होतं. घाटात थर्ड गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की बारीक टिकटिक यायची, ती टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची) असेल असं समजून मी चालत राहिलो. गाडी बंद पडल्यावर प्लग काढला, तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीपेक्षा बारीक, चकचकीत राखाडी थेंब चिकटलेले होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड उघडायच्या आधीच सगळं समजलं.

म्हणून हे लिहितोय. कुर्ल्यात बनलेल्या या गाड्या ज्यांनी आयुष्यभर हाताळल्या ते मिस्त्री आता कमी होत चाललेत. मुंबईची शेवटची नोंदलेली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. नव्या मुलांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर चालणारी इंजिनं येतात, डेल्कोतल्या पॉइंटशी (उघडले की ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांशी) त्यांचा संबंध येत नाही. त्यामुळे जुनी गाडी सांभाळणाऱ्याला हे काम स्वतः कळायलाच हवं.

आधी मुद्दा समजून घ्या. ठिणगी पडली की पेट्रोल एका क्षणात जळत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. ८०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) सुमारे ५ अंश फिरतो, ३००० आरपीएमला १८ अंश. म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते आणि वेग वाढेल तशी ती अजून आधी पडावी लागते. जळण्याचा सर्वाधिक दाब पिस्टन वरून खाली वळल्यावर साधारण १५ अंशांवर आला तर तो पिस्टनला जोरात ढकलतो. ठिणगी त्याहून लवकर पडली, तर पिस्टन वर येत असतानाच दाब त्याला खाली रेटू लागतो. म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून येणारी टिकटिक) ऐकू येण्याआधीच ताकद कमी व्हायला लागलेली असते. टायमिंग मागे पडलेलं असेल तर ते जागेवर आणल्यावर गाडी उडी मारते, पण ते आधीच जागेवर असेल तर पुढे ढकलून काहीच मिळत नाही.

कानाने टायमिंग लावणं ही चूक सगळेच करतात. आयडलला सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी भरतं आणि त्यात जळका धूरही मिसळलेला असतो, म्हणून ते हळू जळतं आणि इंजिनला पुष्कळ ॲडव्हान्स (लवकर पडणारी ठिणगी) आवडतो. डेल्को फिरवाल तसा आरपीएम चढत जातो आणि आपण खूश होतो. पण घाटात, भरलेल्या गाडीत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना तेच मिश्रण दाट आणि झपाट्याने जळणारं असतं. आयडलचा खणखणीतपणा तिथे उपयोगाचा नाही. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारी बत्ती) घ्या. ती नसेल तर पॉइंटच्या तारेला आणि बॉडीला साधा बारा व्होल्टचा बल्ब लावा, चावी चालू ठेवून क्रँक हाताने फिरवा. पॉइंट उघडले त्या क्षणी बल्ब लागतो, आणि तेव्हा पुलीवरची खाच टायमिंग कव्हरवरच्या रेघेशी जुळायला हवी.

डेल्कोला हात लावण्याआधी पॉइंटची गॅप बघा. याचा क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, गॅप कमी झाली की मागे. पॉइंटचा फायबरचा तुकडा कॅमवर घासून झिजतो, गॅप मिटत जाते, आणि सहा महिन्यांत गाडी आपोआप सुस्त होते. आपण डेल्को फिरवून ते झाकतो, मग कुणीतरी पुढे नवे पॉइंट टाकतो, गॅप बरोबर लावतो आणि टायमिंग एकदम फार पुढे जातं. लुकास पद्धतीच्या डेल्कोत गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते; तुमच्या डेल्कोचा आकडा पुस्तकात बघून घ्या. पॉइंटला खड्डा पडून दुसऱ्या बाजूला उंचवटा आला असेल तर सपाट फिलर गेज खोटी गॅप दाखवते, असे पॉइंट बदलूनच टाका. काम नेहमी याच क्रमाने करा: टॅपेट, प्लग, पॉइंट, मग टायमिंग आणि शेवटी कार्ब्युरेटरचा आयडल.

अंशांचा घोळ तर अनेकांनी केलेला पाहिलाय. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पुस्तकातला आकडा बहुधा क्रँकचा असतो, म्हणून डेल्को चार अंश फिरवला की टायमिंग आठ अंश हलतं. हाताला जे किंचित वाटतं ते इंजिनला भरपूर असतं. रोटर (डेल्कोच्या आतला फिरता तुकडा) ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला डेल्को फिरवला की टायमिंग पुढे, त्याच दिशेला फिरवला की मागे. आणि क्लॅम्प आवळताना डेल्को हलतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा.

पुलीवरच्या खुणेवरही लगेच विश्वास ठेवू नका. पुली बदललेली असू शकते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पातळ लाकडी काडी घालून पिस्टन खरंच वर आहे का ते बघा. अगदी माथ्यावर पिस्टन फारसा हलत नाही, म्हणून तो चढताना एका उंचीवर आणि उतरताना त्याच उंचीवर पुलीवर खडूच्या रेघा मारा, त्यांचा मध्य म्हणजे खरा माथा. शिवाय पहिला आणि चौथा पिस्टन एकत्रच वर येतात. भोकावर अंगठा ठेवून दाब येतोय का ते पाहिलं नाही, तर डेल्को अगदी उलटा बसतो. प्लगच्या तारांचा क्रम १-३-४-२, रोटर फिरतो त्या दिशेने.

ज्या डेल्कोला व्हॅक्यूमचा डबा (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे करणारा) आहे, त्याची नळी टायमिंग बघताना काढा आणि तिचं तोंड बंद करा; उघडं ठेवलं तर हवा आत शिरून आयडल बिघडतो. आयडल चढा असेल तर डेल्कोच्या आतली वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) आधीच उघडलेली असतात आणि रीडिंग खोटं येतं. नळी तोंडाने ओढून जीभ लावा. ओढ टिकली नाही तर पडदा फाटलेला आहे आणि संथ चालीत मायलेज तिथेच जातंय.

आता खरी हरवलेली ताकद कुठे असते ते सांगतो. बऱ्याचदा ती डेल्कोच्या तळाशी, प्लेटखाली, वजनांपाशी असते. वर्षानुवर्षं तेल न दिल्याने वजनं चिकटतात. अशा गाडीचं आयडल सुरेख असतं आणि खूणही जुळते, पण हायवेला ७०च्या पुढे ती जातच नाही. रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेला पीळ देऊन सोडा, तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. मग लाइट लावून इंजिन ३००० आरपीएमपर्यंत न्या: खूण सलग पुढे सरकली पाहिजे. मध्येच अडली तर वजनं जाम आहेत, आरपीएम वाढवायच्या आधीच धावत सुटली तर स्प्रिंग थकलेत. खूण एका जागी न थांबता थरथरत असेल तर शाफ्टचा बुश किंवा टायमिंगची चेन ढिली झालीय, मग कितीही अचूक लावलं तरी उपयोग नाही. आमच्या गाडीतही हेच निघालं. वजनं गंजून जाम होती, मी ती कमतरता आयडलचं टायमिंग पुढे ढकलून भरून काढली होती, आणि घाटातल्या कमी आरपीएमला जास्तीचा ॲडव्हान्स पिस्टनवर आदळत राहिला. वजनं साफ करून दोन थेंब तेल दिल्यावर जे पिकअप आलं, त्यासाठी डेल्को फिरवावाच लागला नसता.

पेट्रोलबद्दल थोडंसं. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल स्वतः ताकद देत नाही, ते फक्त नॉकिंग थोपवतं. कमी कंप्रेशनच्या या इंजिनाला त्याची गरज नाही. इथेनॉलही नॉकिंग थोपवतं, पण त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, आणि कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं. टिकटिक ऐकू येत नाही एवढ्यावर टायमिंग पुढे घेऊ नका, प्लग काढून रंग बघा. महाबळेश्वरला लावलेलं टायमिंग महाडला तपासून घ्या; वर हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी, तिथे नॉकिंग लपून राहतं.

लक्षणं वाचताना: स्टार्ट करताना सेल्फ अडखळून उलटा झटका मारतो, तर टायमिंग फार पुढे आहे. इंजिन तापतं, ओढ नाही, सायलेन्सर फुत्कारतो, तर मागे आहे. चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहिलं तर टायमिंगला दोष देऊ नका, करंट तेव्हा बंदच झालेला असतो. कार्बन साचलाय किंवा आयडल चढा आहे.

टायमिंग लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो. बाही वर करा, गळ्यातली साखळी काढा आणि लाइटची तार पट्ट्यापासून लांब बांधा.

शेवटची खात्री रस्त्यावर करा. इंजिन नीट तापू द्या, हलक्या चढावर टॉप गिअरला ताशी ४०वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, काचा खाली, रेडिओ बंद. अर्धा सेकंद टिकटिक येऊन विरली तरी चालेल. ती तशीच येत राहिली तर गाडी बाजूला घ्या, टायमिंग क्रँकच्या हिशोबाने दोन अंश मागे घ्या, आणि पुन्हा तोच चढ चढा.