ओवी, बातमी, अर्ज: गावातला लेखनवर्ग असा घ्यावा

लेखनवर्गाची दवंडी देताना ‘लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी’ असं म्हटलंत की निम्मं गाव गळालं. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या पश्चात, ती छापली गेली. वर्गातही सांगणारे आणि उतरवून घेणारे असे दोघे हवेत. चार सांगणाऱ्यांमागे एक उतरवणारा धरा. नववी-दहावीची मुलं हे काम झकास करतात. एकूण १२ ते १५ माणसं पुरेत. २० च्या वर गेली की चौघंच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

जागा निवडताना घाई नको. एखाद्या समाजाच्या मंदिरात किंवा सभागृहात वर्ग ठेवला तर काही घरं येणारच नाहीत, आणि का ते तोंडावर सांगणारही नाहीत. त्यापेक्षा शाळेचा व्हरांडा बरा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, कापूसवेचणीच्या दिवसांत वर्गच ठेवू नका. दोन तासांच्या सहा बैठका धरा. सगळे सतरंजीवर, शिकवणाराही. मास्तरांना खुर्ची दिली की वर्गाची शाळा होते. ओळख फक्त नावाने करून द्या, आडनाव विचारू नका. कारण सांगायला नको.

पहिल्या बैठकीत विषय देऊ नका, वस्तू द्या: हंडा, विळा, रेशनकार्ड. प्रत्येकाने तिच्याबद्दल तीन मिनिटं बोलायचं. उतरवणाऱ्याला एकच नियम: ‘व्हतं’ ऐकलं तर ‘व्हतं’च लिहायचं. नेमकं इथेच बिघडतं. हुशार मुलं शाळेच्या सवयीने ‘होतं’ करतात, वाक्य सरळ करतात, आणि वाचून दाखवलं की आजी म्हणते, ‘हे मी न्हाई बोलले.’ म्हणून उतरवलेला मजकूर तिथल्या तिथे वाचून दाखवायचा आणि सांगणाऱ्याने हो म्हटलं तरच ठेवायचा.

दुसऱ्या बैठकीपासून तोच ऐवज वेगवेगळ्या साच्यांत घाला. समजा हंड्यावरून अशी ओवी निघाली:

नळाला आलं पाणी, राती अडीच वाजता
हंडा माझा जागा गं, गाव सारा निजता

आता हिची बातमी करायला सांगा: कुठे, कधी, किती वेळ, किती घरांना. ‘माझा’ गळून पडतो आणि आकडे लागतात. ते कुणालाच ठाऊक नसतात, मग वहीत आठवडाभर वेळा टिपल्या जातात. पुढे नळ आणि हंड्याचं भांडण लिहा, नुसत्या संवादात, ‘म्हणाला’ हा शब्द न वापरता. शेवटी ग्रामपंचायतीला अर्ज. एकच गोष्ट ओवीत दुखते, भांडणात हसवते आणि अर्जात मागणी होते. यमक-वृत्त यावर व्याख्यान देण्यापेक्षा हा फरक हाताला लागू द्या. एका बैठकीत एकच साचा. दोन घेतले तर दुसरा कच्चा राहतो.

कुणी नवऱ्याच्या दारूवर किंवा पोराच्या मरणावर बोलू लागलं तर उतरवणाऱ्याने पेन खाली ठेवायचं. नंतर एकटीला विचारायचं: हे लिहू का, नाव घालू का? बक्षीस ठेवू नका. पहिला नंबर काढला की पुढच्या वेळी पाचजणी कमी येतात.

शेवटी पुस्तिका. आडवे ए-फोर कागद मधोमध दुमडून पाठपोट छापले की ८ कागदांची ३२ पानं होतात. मजकूर ३० पानांचा असला तर दोन कोरी सोडा, पानं चाराच्या पटीतच येणार. साधा स्टेपलर दुमडीपर्यंत पोचत नाही. दाभणाने तीन भोकं पाडून सुती दोऱ्याने शिवा, गाठ आतल्या बाजूला. सांगणाऱ्याचं नाव वर, उतरवणाऱ्याचं खाली. वाचता न येणाऱ्यांनाही प्रत द्या. घरातलं कुणीतरी वाचून दाखवतंच.