ट्रेझर आयलंड डिझी: स्नॉर्कल टाकून मरणाऱ्यांसाठी

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या नादाला नव्याने लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी डिझीच्या गेमपाशी येतो. अंड्याच्या आकाराचा नायक, पायात बूट, हातात मोजे, रंगीत पडदे, सोपी वाटणारी कोडी. मग दोन दिवसांत ठरलेली तक्रार येते: 'गेममध्ये काहीतरी बिघाड आहे, डिझी कारण नसताना मरतो.' बिघाड वगैरे काही नसतो. 'ट्रेझर आयलंड डिझी'मध्ये जीव एकच आहे आणि मधेच गेम सेव्ह करायची सोय नाही. एवढं माहीत असूनही लोक बटणं बडवत खेळतात आणि त्याच त्या जागी मरतात.

फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर या जुळ्या भावांनी १९८७ मध्ये पहिला डिझी आणला, हा त्याच्या पुढचा भाग. कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीच्या स्वस्त गेमपैकी एक. इंग्लंडमध्ये मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटला आठ-दहा पौंड पडत, तेव्हा असले गेम दोन-तीन पौंडांत मिळायचे. स्वस्त म्हणजे तासाभरात संपणारा, असं समजून बसणारे इथे फसतात.

स्नॉर्कल

स्नॉर्कल म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायची नळी. सगळ्यात जास्त बळी हिने घेतलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

डिझीजवळ एका वेळी तीन वस्तू राहतात. उचलायचं आणि टाकायचं बटण एकच आहे, आणि काय टाकायचं ते तुम्हाला निवडता येत नाही. वस्तू रांगेत असतात. जिचा नंबर पहिला, ती पडते. नवी वस्तू उचलली की ती रांगेच्या शेवटी जाते. पायाखाली काही नसताना बटण दाबलं, तरी पहिली वस्तू खाली पडतेच. समुद्राखाली डिझी जिवंत राहतो तो स्नॉर्कलच्या जोरावर. तिथे स्नॉर्कल हातातून सुटली की तो त्याच क्षणी मरतो, उचलायला दुसरी संधी नाही.

यात भर म्हणजे नाणी. गेम पूर्ण करायला तीस नाणी लागतात आणि त्यांतली कितीतरी झाडाझुडपांमागे दडवलेली आहेत. ती शोधायची म्हणजे संशयास्पद जागी उभं राहून तेच बटण दाबायचं. जमिनीवर ही सवय चांगली आहे. पाण्यात तीच सवय जीव घेते.

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. मुलगा हुशार, हात चपळ. दुकानदाराशी देवाणघेवाण करून होडीचं सामान जमवायचं गणित त्याने कुणालाही न विचारता सोडवलं. नाणीही बहुतेक सगळी झाली होती. घरातले सगळे फराळाची ताटं घेऊन मागे बसलेले. तो समुद्रात उतरताना मी विचारलं, 'स्नॉर्कल कितव्या नंबरवर आहे रे?' 'असेल कुठेतरी, मामा,' म्हणाला आणि निघाला. तळाशी एका झुडपापाशी थांबून त्याने बटण दाबलं. एक वस्तू पडली. पुढे जाऊन पुन्हा दाबलं, खेळ संपला. सकाळपासूनची सगळी मेहनत तिथे गेली. पोराचा चेहरा बघवेना. गेम निर्दयी आहे हे मला मान्य आहे. पण रांग पडद्यावर बघता येते, आणि ती न बघता पाण्यात उतरणं हा उतावळेपणाच आहे.

माझी पद्धत सांगतो. पाण्यात उतरण्याआधी काठावर थांबायचं आणि स्नॉर्कल टाकून पुन्हा उचलायची, म्हणजे ती रांगेच्या शेवटी जाते. तिच्या पुढे दोन बिनकामाच्या वस्तू ठेवायच्या. आता तुमच्याकडे पाण्याखाली बटण दाबायच्या दोन संधी आहेत. दोन वापरल्या की तिसऱ्यांदा बटणाला हात लावायचा नाही, सरळ वर यायचं आणि काठावर रांग पुन्हा लावायची. कंटाळवाणं आहे, वेळ जातो, पण डिझी मरत नाही. शंका असेल तर काठावरच एकदा बटण दाबून काय पडतं ते बघा. कोरड्या जमिनीवर पडलेली स्नॉर्कल उचलता येते.

ऑलिव्हर बंधूंनी १९८९ च्या 'फॅन्टसी वर्ल्ड डिझी'त एकाऐवजी तीन जीव दिले आणि टाकायची वस्तू यादीतून निवडायची सोय केली. तो भाग आधी खेळून मग इकडे येणाऱ्यांनी जुन्या सवयी बाहेर ठेवाव्यात.

काठावरून उडी

डिझी उडी मारतो तेव्हा कोलांटी घेतो. हवेत दिशा बदलता येत नाही आणि जमिनीवर टेकल्यावरही पाय खाली येईपर्यंत तो गडगडत राहतो. त्यामुळे अरुंद कड्यावर नेमकी उडी मारूनही माणूस पलीकडे घरंगळतो. उडी मारण्याआधी पूर्ण थांबा, आणि डिझी कुठे टेकेल यापेक्षा तो कुठे थांबेल याचा अंदाज घ्या.

जॉयस्टिक

या गेमला वापरू नका. फायर म्हणजेच उचला-टाका, आणि अंगठा तिथेच विसावलेला असतो. पाण्याखाली त्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

गेम लोडच होत नाही

आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस बनवला होता, त्यामुळे अजूनही कुणाच्या तरी माळ्यावरून एखादं यंत्र खाली येतं. ते हाती आलं की लोक लगेच मिळेल तो नऊ व्होल्टचा अॅडॉप्टर लावतात. थांबा! स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण असतो आणि आजचे बहुतेक अॅडॉप्टर नेमके उलटे असतात. आधी मल्टिमीटर लावून तपासा, मगच पिन खुपसा. चाळीस वर्षं टिकलेलं यंत्र क्षणात जाळून टाकलेलं बघताना मला खरोखर वाईट वाटतं.

पुढची पायरी कॅसेटची, कारण गेम टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजवून लोड होतो. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे स्थिर आले, मग निळे-पिवळे आले, की सगळं ठीक चाललंय. मधेच 'टेप लोडिंग एरर' आला की बहुतेक जण आवाज पूर्ण वाढवतात. त्याने काम बिघडतं. आवाज पाऊणच्या आसपास ठेवा, ट्रेबल वाढवा, आणि प्रत्येक वेळी थोडाच फरक करून बघा. तरी जमलं नाही तर टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा छोटा स्क्रू किंचित फिरवा. कॅसेट चालू असताना आवाज सर्वांत स्वच्छ आणि तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबा. तो स्क्रू अर्धा फेरा फिरवणारे लोक मी पाहिलेत. पाव फेरासुद्धा जास्त होतो.

कॅसेटऐवजी मोबाइलवरून तोच आवाज वाजवून लोड करत असाल तर एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही फाइल वापरा, इक्वलायझर बंद ठेवा आणि फोन विमान मोडमध्ये टाका. चौथ्या मिनिटाला आलेल्या एका मेसेजच्या 'टिंग'ने सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

बटण दाबूनही अक्षर उमटत नसेल तर बहुधा कीबोर्डचं मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा पातळ पडदा, वयोमानाने कडक होऊन तडकलेलं असतं. ते नवं मिळतं. जुन्याला चिकटपट्टी लावत बसू नका.

स्नॅपशॉट

इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, कुठेही स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे खेळ आहे त्या स्थितीत साठवता येतो, आणि तिथेच लोक आळशी होतात. दर पडद्यावर एकाच नावाने स्नॅपशॉट घेत जायचं, आणि एक दिवस तो नेमका पाण्याखाली, स्नॉर्कल पहिल्या नंबरवर आणि डिझी अडचणीत असताना घेतलेला असतो. आधीचा पुसला गेलेला. घ्यायचाच असेल तर कोरड्या जमिनीवर, डिझी स्थिर उभा असताना घ्या आणि दर वेळी नवं नाव द्या. मी स्वतः एका बैठकीत एकच घेतो, उठताना. अमर होण्याचे पोक टाकून, म्हणजे मेमरीतले आकडे बदलून, हा गेम 'पूर्ण केला' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. एक जीव हाच तर या गेमचा कणा आहे, तो काढल्यावर उरतं ते बेटावरचं फिरणं.

एकोणतीस नाणी

'एकोणतीस मिळाली, तिसावं कुठे आहे?' हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याने नकाशा काढलेला नसतो. आलेखाचा कागद घ्या, दर पडद्याला एक चौकोन द्या. नाणं मिळालं की चौकोनात टिंब, आणि पडद्यावरचं प्रत्येक झाड, झुडूप, कोपरा तपासून झाला की चौकोनावर फुली. शेवटी फुली नसलेले चौकोन उरतात, तिथे जा. पूर्ण यादी शोधून वाचण्याआधी निदान एवढं तरी करा. त्या पडद्यांवर कुणीतरी विचार करून नाणी लपवली आहेत, आणि ती स्वतः सापडण्यासारखी आहेत.