होव्हरफ्लायचा फोटो काढला पण ओळखच पटेना... माझा अनुभव

बाल्कनीतल्या कुंडीत कोथिंबीर फुलावर आली की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या घिरट्या घालतात, मी वर्षभर त्यांना छोटी मधमाशी समजत होतो (बायको अजून तेच म्हणते). नंतर कळलं की पंख दोनच आणि मिशा एकदम आखूड, म्हणजे ही माशी, होव्हरफ्लाय. पण पुढे गाडी अडली, ॲपला फोटो दिला की दर वेळी वेगळंच नाव, कारण माझे सगळे फोटो वरून आणि त्यातही अर्धे हललेले.

मग एकाच माशीचे चार फोटो घ्यायला लागलो, वरून, बाजूने, समोरून आणि पंख पसरलेला. सकाळी लवकर गेलं की त्या गारठलेल्या असतात, जास्त उडत नाहीत. मोठं करून बघितलं तर पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या भागावर जाड काळ्या पट्ट्यासोबत अजून एक बारीक काळी रेघ, मिशीसारखी! झालं, एपिसिर्फस बाल्टिएटस. दुसरीला ती रेघ नव्हती, पिवळ्या डागांच्या जोड्या होत्या आणि छातीच्या दोन्ही कडांना ठसठशीत पिवळी पट्टी, ती इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस निघाली. डोळ्यांवर ठिपके दिसले तर इरिस्टॅलिनस हा होव्हरफ्लायचा गट बघायचा. डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असले तर बहुतेक नर.

पॅरागस (हाही होव्हरफ्लायचाच एक गट) मात्र फोटोवरून प्रजातीपर्यंत नेण्याच्या भानगडीत मी पडत नाही, त्यात बऱ्याचदा नराचं जननांग मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, म्हणून नुसतं 'पॅरागस' लिहून मोकळा होतो.