नागपुरातून नाशवंत आणि गोठवलेले अन्न विमानाने परदेशी पाठवताना

मुंबईहून दुबईला जाणारे विमान साधारण तीन तासांत पोहोचते. मात्र नागपूरजवळच्या बुटीबोरीतील शीतगृहातून निघालेली पेटी दुबईच्या दुकानातील फ्रीजरमध्ये जाईपर्यंत दीड-दोन दिवस सहज जातात. रस्ता, मालगोदाम, कस्टमची तपासणी, विमानाशेजारी उघड्यावर उभी असलेली ट्रॉली आणि उतरल्यानंतरची पुन्हा तीच साखळी, असा तो हिशेब असतो. म्हणून पेटी भरताना विमानाचे तास न मोजता शीतगृहाच्या दारापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचे सर्व तास मोजावेत आणि त्यात किमान एक दिवस राखीव धरावा, कारण विमान चुकले किंवा माल पुढच्या विमानावर ढकलला गेला, तर तोच दिवस माल वाचवतो.

मालाला हात लावण्यापूर्वी आयातदाराला एक प्रश्न लेखी विचारावा: हा पदार्थ, याच घटकांसह, तुमच्या देशात येऊ शकतो का? हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे संत्रा बर्फीवरून कळते. खवा असलेली बर्फी कागदोपत्री दुग्धजन्य पदार्थ ठरू शकते आणि मग निर्यात तपासणी संस्थेचे आरोग्य प्रमाणपत्र, जनावरांच्या रोगांविषयीच्या अटी आणि काही देशांत सरळ मनाई, असे सगळे त्यामागे येते. कोहळा, साखर आणि संत्र्याचा गर यांचीच बर्फी असेल तर वाट पुष्कळ सोपी होते. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती संगरोध विभागाचे प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारातील ‘फायटो’, लागते. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे वगळता जवळपास सर्वच ताज्या फळांना आणि भाज्यांना ते सक्तीचे केले आहे. अमेरिकेला अन्न पाठवायचे असल्यास तेथील अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागते आणि हवाई मालासाठी ती विमान उतरण्याच्या किमान चार तास आधी पोहोचलेली असावी लागते. आपल्या बाजूने आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना, एपीडा या कृषी व प्रक्रियायुक्त अन्नाच्या निर्यात प्राधिकरणाच्या यादीतील मालासाठी तेथील नोंदणी आणि ज्या विमानतळावरून माल जाणार तेथे बँकेच्या एडी कोडची (परकीय चलन व्यवहारासाठी अधिकृत शाखेच्या क्रमांकाची) नोंद, एवढी तयारी आधी हवी. एडी कोडचे काम पहिल्या खेपेच्या दिवशी आठवले, तर शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचे निर्यातीचे घोषणापत्रच, अडून बसते.

आता गोठवलेल्या मालाकडे वळू. सांबारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी), पुरणपोळी यांसारखे पदार्थ पाठवायचे असतील, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पेटी थंडी निर्माण करत नाही, असलेली थंडी फक्त टिकवते. वडी अर्धी तळून, पूर्ण निववून, ब्लास्ट फ्रीजरमध्ये (झपाट्याने गोठवणाऱ्या यंत्रात) गाभ्यापर्यंत उणे १८ अंश सेल्सिअसला आणल्यावरच पेटीत जावी. वरून कडक आणि आतून मऊ असलेली वडी भरली, तर पेटीतल्या ड्राय आइसची (घन कार्बन डायऑक्साइडची) निम्मी ताकद ती गोठवण्यातच संपते. पेटीच्या भिंतींचा विचारही आधी करावा. बाहेरून ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर असलेल्या पेटीला सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर जाड थर्माकोल लावला, की ९६ लिटरपैकी आतली जागा केवळ ४५ लिटर उरते. तरीही जाडी कमी करण्याचा मोह आवरावा. अशा पेटीला दिवसाला दोन ते चार किलो ड्राय आइस लागेल असे धरून सुरुवात करावी, मग एक भरलेली पेटी आत तापमापक ठेवून आपल्याच आवारात, शक्यतो मे महिन्याच्या उन्हाळ्यात, पूर्ण प्रवासाइतके तास ठेवून पाहावी. नागपूरचा ४५ अंशांचा पारा यासाठी उत्तम परीक्षक आहे. थंड वायू जड असल्याने खाली बसतो, म्हणून ड्राय आइसचा मोठा भाग मालाच्या वर ठेवावा आणि उरलेली पोकळी कागदाने भरून काढावी.

ड्राय आइस उणे ७८.५ अंशांना असतो आणि न वितळता थेट वायू होतो. एका किलोपासून पाचशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे पेटी हवाबंद कधीही करू नये. टेपने झाकण धरावे, पण फट पूर्ण बुजवू नये. हवाई वाहतुकीत तो नवव्या वर्गातील धोकादायक पदार्थ मानला जातो. पेटीवर नवव्या वर्गाचे लेबल, यूएन १८४५ हा क्रमांक, पदार्थाचे नाव आणि किलोमधील निव्वळ वजन लिहावे आणि हीच नोंद पेट्यांच्या संख्येसह एअर वे बिलावर, म्हणजे हवाई मालाच्या वाहतूक-पावतीवर, यावी. विमान कंपन्या प्रत्येक विमानात किती ड्राय आइस घ्यायचा याची मर्यादा ठेवतात, म्हणून जागा राखतानाच फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या दलालाला, आकडा सांगावा. भाड्याचा हिशेबही करावा. वरील पेटीचे आकारमानी वजन, म्हणजे पेटी किती जागा व्यापते त्यावरून धरलेले वजन, घनसेंटिमीटरला ६००० ने भागून, १६ किलो येते. आत १४ किलो वड्या, ८ किलो ड्राय आइस आणि २ किलो वेष्टन असेल, तर एकूण २४ किलो हे जास्त असल्याने भाडे त्यावर लागते. म्हणजे दहा किलोचे भाडे खाण्याजोग्या नसलेल्या वस्तूंचे आहे आणि ते विक्रीच्या किमतीत धरलेच पाहिजे.

संत्र्याला मात्र ड्राय आइस जवळही येऊ देऊ नये; साल गोठली की फळ गेले. काटोल, वरूडच्या बागेत फळ ओढून न तोडता कात्रीने कापावे, देठाची टिकली फळावर राहू द्यावी आणि कापलेला देठ शेजारच्या फळाला टोचणार नाही इतका आखूड ठेवावा, कारण हिरवी बुरशी अशा बारीक जखमेतूनच आत शिरते. निवडलेले फळ आधी सहा-सात अंशांपर्यंत थंड करून, भोके असलेल्या खोक्यात भरावे. लाकडी पॅलेट वापरल्यास त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असावा.

नागपूर विमानतळावर मालवाहतुकीची सोय आहे, पण मोठी विमाने आणि थंड गोदामे यांची निवड मुंबईत अधिक असल्याने बराच माल ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने रीफर (शीतकरण असलेल्या) गाडीतून जातो. गाडी भरण्यापूर्वीच थंड करून घ्यावी आणि शक्यतो रात्री काढावी. पोहोचण्याचा वारही पाहावा: संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी असते, तर कतार, कुवेत आणि सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार. गुरुवारी रात्री दोह्यात उतरलेली पेटी कोण सोडवणार, याचे उत्तर माणसाच्या नावासह आणि फोन क्रमांकासह हाती असल्याशिवाय ती पाठवू नये.

प्रत्येक खेपेतील किमान एका पेटीत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर ठेवावा. तो खर्च वाचवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माल बिघडून पोहोचल्यास आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या माँट्रियल कराराप्रमाणे वाहतूकदाराकडे लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागते. माल उशिरा पोहोचल्याच्या तक्रारीसाठी ही मुदत २१ दिवसांची आहे. मालाच्या अंगच्या दोषामुळे झालेले नुकसान कंपनीवर येत नाही आणि नाशवंत मालात नेमका हाच मुद्दा पुढे केला जातो. कोणत्या तासाला, कोणाच्या ताब्यात असताना पारा चढला, हे लॉगरच दाखवतो. भरपाईलाही किलोमागे मर्यादा असते, म्हणून तापमानबिघाडाची जोखीम स्पष्ट शब्दांत समाविष्ट असलेला विमा माल निघण्यापूर्वी घ्यावा आणि पेटी उघडताच फोटो व लॉगरची नोंद त्याच दिवशी पाठवण्याचे आयातदाराकडून आधीच कबूल करून घ्यावे.