ज्येष्ठांसाठी लाकडी घरं बांधताय? या चुका टाळा

इमारत देखणी, लाकडाचा वास अजून ताजा, तळमजल्यावर प्रशस्त हॉल. आणि सहा महिन्यांनी त्या हॉलमध्ये एकावर एक रचलेल्या खुर्च्या. अशा वेळी खापर रहिवाशांवर फुटतं: ‘लोकांना मिसळायचंच नसतं हो!’ मला ते पटत नाही. बहुतेकदा घोळ नकाशात असतो. लाकडाचं काम एकाने बघितलेलं असतं, माणसांच्या वावराचं दुसऱ्याने, आणि दोघं एका टेबलावर बसलेलेच नसतात.

हॉल सजवला, कान विसरले

सगळ्यात जास्त नडणारी चूक हीच. छताचं लाकूड उघडं, खाली कडक फरशी, एका बाजूला काच. फोटो झकास येतो, पण आवाज या तिन्हींवर आपटून परत येतो. धडधाकट कानाला तो नुसता गलका वाटतो. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला मात्र समोरच्याचं बोलणं, कपबश्यांची खळखळ आणि मागे सरकलेली खुर्ची हे सगळं सारख्याच जोराने ऐकू येतं. तो दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारतो, तिसऱ्यांदा नुसती हसून मान हलवतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

छताला सलग फळ्या न मारता फटी ठेवून पट्ट्या लावा आणि त्यामागे लोकरीचा किंवा लाकूडतंतूंचा थर द्या. एका मोठ्या हॉलऐवजी सहा-आठ जणांचे दोन-तीन कोपरे करा. बांधकाम आधीच झालं असेल, तर भिंतींवर जाड फेल्टचे फलक आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मजल्यांमधला आवाज ही वेगळीच भानगड. सीएलटी, म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेले जाड लाकडी तक्ते, घनमीटरला साधारण ४८० किलो भरतं. काँक्रीट भरतं जवळपास २,४०० किलो. वजन कमी म्हणून पाया हलका होतो हे खरं, पण रात्री तीनला वरचे आजोबा बाथरूमला गेले की खालच्या आजींना जाग येते. ओळख व्हायच्या आधीच कुरबुर सुरू. लाकडी मजल्यावर लवचीक थर, त्यावर वजनदार कोबा आणि भिंतींच्या बुडाशी रबरी पट्ट्या हे बांधतानाच व्हायला हवं. मागाहून हे दुरुस्त करणं फार महाग पडतं.

गॅलरी म्हणजे नुसती ये-जा

घरांच्या दारांपुढून जाणाऱ्या १.२ मीटर रुंदीच्या गॅलरीतून माणूस जातो, पण थांबत नाही. १.८ ते २ मीटर दिलीत तर बाक मावतो, कुंडी मावते, आणि वॉकर घेतलेल्याला वाटही उरते. व्हीलचेअर वळवायला १.५ मीटरचं वर्तुळ लागतं, तेही त्यातच बसतं. लंडनमधल्या ॲपलबी ब्लू या ज्येष्ठांच्या वसाहतीला २०२५ चा स्टर्लिंग पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला वास्तुकलेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. ती इमारत सगळी लाकडी नाही, पण तिच्या काचेच्या गॅलऱ्या पाहण्यासारख्या आहेत. घरांच्या दारांपुढून जाणाऱ्या या वाटांवर बाक आणि झाडं आहेत, म्हणजे बाहेर पडायचं झालं की वाटेत माणूस भेटणारच.

गॅलरीकडे स्वयंपाकघराची खिडकी द्या, झोपायच्या खोलीची नको. ती दिलीत की पडदे कायमचे ओढलेले राहतात.

आणि चालणं जड जाणाऱ्यांच्या, बॅटरीवरच्या स्कूटर? त्या गॅलरीत चार्जिंगला लावलेल्या दिसल्या की माझ्या पोटात गोळा येतो. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. प्रवेशाजवळ आगरोधक भिंतींची वेगळी खोली पहिल्याच नकाशात दाखवा. जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या ठराविक गतीने कोळसत जातं, त्यामुळे इमारत किती वेळ उभी राहील याचा हिशेब मांडता येतो. पण हळू चालणाऱ्या माणसाला बाहेर पडायला किती वेळ लागेल, तो हिशेब वेगळा मांडावा लागतो. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ, म्हणूनच टाळू नयेत.

उंबरठ्यावरचं भांडण

लाकूड जमिनीपासून, शिंतोड्यांच्या वर, निदान १५० मिलिमीटर उचललेलं हवं. व्हीलचेअरला उंबरठा १५ मिलिमीटरहून जास्त चालत नाही. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर. मग साइटवर एक तर पायरी येते, नाही तर चौकट पाण्यात बसते. भिंतीचं बूड काँक्रीटचं करा, येणारी वाट १:२० उताराने वर आणा, दाराआधी जाळीची पन्हळ द्या आणि वर छप्पर चांगलं पुढे काढा. फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी सर्वात जास्त शोषलं जातं, ती टोकं कधीच उघडी ठेवू नका.

बाहेर पायाखालीही लाकूडच हवं, हा हट्ट मात्र सोडा. सावलीतल्या ओल्या फळीवर शेवाळ धरतं, आणि या वयात घसरून पडणं परवडत नाही.

बाथरूम: दिसत नाही ते पाणी

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला मोकळं रान मिळतं. शॉवरखालची गळती वर्षभर कळतही नाही. खालच्या छतात तपासणीचं झाकण आणि गळती सांगणारा सेन्सर ठेवा. पायरी नसलेल्या शॉवरसाठी लागणारा खोलगट भाग कारखान्यातच कापून आणा. मागाहून तक्ता कोरलात तर त्याची ताकद जाते. आधाराच्या दांड्यांचंही तसंच. सीएलटीत स्क्रू कुठेही पक्का बसतो, पण पुढे पोकळी सोडून जिप्सम बोर्ड लावला की दांडी फक्त त्या बोर्डावर लटकते. बोर्डामागे प्लायवूड भरून घ्या.

कार्बन जमा धरून मोकळं होणं

एक घनमीटर मऊ (पाइनसारख्या) लाकडात सुमारे ७०० ते ८०० किलो कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, पण ते लाकूड टिकेल तेवढेच दिवस. म्हणून पाइप भिंतीत कायमचे गाडू नका आणि जोड शक्यतो स्क्रूचे ठेवा, म्हणजे खराब झालेला एक तक्ता बदलता येतो.

नकाशा पक्का करण्याआधी एक करा. मोकळ्या जागेत खडूने गॅलरी खऱ्या मापाची आखा, दोन खुर्च्या मांडून राहायला येणाऱ्यांपैकी दोघांना बसवा आणि तिसऱ्याला वॉकर घेऊन मधून जायला सांगा. बसलेल्यांना पाय आत घ्यावे लागले, तर रेघ पुसून २० सेंटिमीटर पुढे ओढा.