कोड मिटवायच्या आधी: डिझेल व्हॅनचा स्कॅनर घेताना आणि वापरताना

हापूसचा सीझन तोंडावर आलाय आणि आठवडाभरात तिघांनी विचारलं, व्हॅनसाठी स्कॅनर, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, कुठला घेऊ. तिघांना घाईत तीन वेगळी उत्तरं दिली, म्हणून आता एकदाच बसून लिहितो. आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे पुढे एकाच गोष्टीवर मी सारखा का ओरडतोय ते कळेल.

पावसहून वाशीला पेट्या घेऊन निघालो होतो. परशुराम घाट चढताना इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि पिकअप गेला. दुसऱ्या गिअरला गाडी रांगायला लागली. खिशात नवाकोरा ब्लूटूथ डोंगल होता, गाडीच्या सॉकेटमध्ये लावून फोनवर कोड बघायचा छोटा स्कॅनर, त्याचं कौतुक. लावला, फोनवर एक कोड आला, त्याच्या खाली मोठं लाल बटण, ‘इरेज’. दाबलं. दिवा गेला, गाडी पळायला लागली, मला वाटलं आपण मेकॅनिक झालो. कशेडीच्या चढणीला (बोगदा सुरू होण्याआधीची गोष्ट) परत तेच, परत इरेज. अर्ध्या चढात तिसऱ्यांदा. पहाटे महाडजवळ एका गॅरेजात शिरलो तेव्हा दिवा बंद आणि सपाटीवर गाडी लोण्यासारखी. मिस्त्रीने त्याचा स्कॅनर लावला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. “भाऊ, पाटी पुसून आणलीत. आता मी काय वाचू?” कोड कुठला होता? मी म्हटलं, पी शून्य शून्य आठ आणि पुढे काहीतरी. “सात की आठ?” आठवेना. पी००८७ म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं) डिझेलचं प्रेशर कमी, पी००८८ म्हणजे जास्त. दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलट, आणि मला शेवटचा आकडा सांगता येईना. अंदाजाने प्रेशरचा सेन्सर बदलला. पेट्या दुसऱ्या टेम्पोत भरून पाठवल्या, त्यात दिवस गेला, वरच्या थरातला माल नरम पडला आणि भाव पडेल तो घेतला. सेन्सर नवा घालून परत येताना गाडी घाटात पुन्हा बसली. शेवटी निघालं काय, तर डिझेल फिल्टर चोंदलेला. सपाटीला पुरेल इतकं डिझेल येत होतं, लोड घेऊन चढताना पुरत नव्हतं.

म्हणून पहिली वस्तू स्कॅनर नव्हे. वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसाळ्यात ओल्या हाताने भिजल्या कागदावर बॉलपेन चालत नाही. वही ग्लोव्हबॉक्समध्ये, पेन्सिल सुतळीने वहीला बांधलेली. कोड आधी लिहायचा, स्क्रीनचा फोटो काढायचा, मिटवायचं वगैरे त्यानंतर. हे मी पुढेही सांगणार आहे, कंटाळू नका.

आता निवड. तुमची व्हॅन कधीची आहे ते आरसी बुकात बघा. भारतात चारचाकींना ओबीडी-२ (स्कॅनरने कोड वाचता येण्याची ठरलेली पद्धत) आलं ते एप्रिल २०१३ पासून, धुराच्या नियमांपैकी बीएस-४ देशभर झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. बीएस-६ ची असेल तर साधा स्कॅनरसुद्धा इंजिनाशी बोलेल. त्याआधीची असेल तर सॉकेट सोळा पिनांचं दिसलं म्हणून हुरळू नका, आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. सॉकेटमध्ये डोकावलं तर थोडा अंदाज येतो. ६ आणि १४ नंबरच्या जागी पितळी पिना असतील तर कॅन लाइन आहे (कंप्युटरशी बोलायची नवी वायर-पद्धत), फक्त ७ नंबरची असेल तर जुनी के-लाइन. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थ. स्कॅनर देणाऱ्याला गाडीचं मॉडेल आणि साल सांगून विचारा, आणि जमलं तर पैसे द्यायच्या आधी त्याच्या दारात लावून बघा. “सगळ्या गाड्यांना चालतो” या उत्तराला काही अर्थ नाही.

स्कॅनर ढोबळमानाने तीन तऱ्हेचे. काही शे रुपयांचा डोंगल, जो फोनशी जोडायचा. हातात धरायचा, स्वतःची स्क्रीन आणि वायर असलेला. आणि गॅरेजवाल्यांचा टॅबलेट. डोंगलांवर ‘ईएलएम ३२७, व्हर्जन १.५’ असं छापलेलं सर्रास दिसेल. ती मूळ चिप काढणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तेव्हा नक्कल आहे हे धरूनच घ्या. नक्कल असूनही पुष्कळदा काम भागतं, माझं भागलं असतं. आयफोनवाल्यांनी जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल घेऊ नये, जोडला जात नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला बघा. डोंगल १२ व्होल्टच्या व्हॅनपुरता, शेजाऱ्याच्या २४ व्होल्टच्या ट्रकला उपकार म्हणून लावायला जाऊ नका.

मी स्वतः आता मधला, हातातला वापरतो. घाटात फोनला रेंज नाही, चार्ज नाही, वरून पाऊस, त्यात ॲप म्हणतं लॉगिन करा. डोंगलच घ्यायचा तर ॲप घरीच उतरवून, पैसे भरून, विमान मोडमध्ये चालतं का ते बघून ठेवा.

घेताना एकच प्रश्न पक्का विचारा: फ्रीझ फ्रेम दाखवतो का? कोड पडला त्या क्षणी इंजिन काय करत होतं, किती आरपीएम, किती लोड, पाण्याचं तापमान, गाडीचा वेग, आणि असलं तर रेल प्रेशर, हे इंजिनाचा कंप्युटर एका चौकटीत गोठवून ठेवतो. ती चौकट म्हणजे अर्धं निदान. ‘चढावर, पूर्ण लोडला, आरपीएम वर, प्रेशर खाली’ एवढं जरी माझ्या वहीत असतं तरी महाडच्या मिस्त्रीने सेन्सरकडे न बघता फिल्टर खोलला असता. आणि ही चौकट इरेज दाबलं की कोडबरोबर जाते. परत आणता येत नाही. गॅरेजच्या भारीतल्या भारी स्कॅनरलाही येत नाही. लिहा, फोटो काढा, मग काय ते करा.

त्यानंतर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आत्ताचे आकडे, दिसतो का ते बघा, दिसायलाच हवा. कंपनीचे खास कोड वाचतो का तेही. पी० ने सुरू होणारे बहुतेक सगळीकडे सारखे, पी१ ने सुरू होणारे कंपनीचे स्वतःचे, त्यांचा अर्थ साधा स्कॅनर चुकीचा सांगू शकतो. इंजेक्टर बदलल्यावर कोडिंग करणं (नव्या इंजेक्टरचा नंबर कंप्युटरला सांगणं), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरकडचा फिल्टर) जबरदस्तीने जाळून साफ करणं ही कामं स्वस्त स्कॅनर करत नाही, त्यासाठी गॅरेजातच जावं लागणार. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी टॅबलेट घेऊ नका, तेवढ्यात दोन वर्षांचे टायर येतील.

वापरायच्या आधी बॅटरी. उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, चालू इंजिनला साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी पडलेली असली की कंप्युटर वेड्यासारखे कोड टाकतो, अर्धा डझन, एकमेकांशी संबंध नसलेले. असं दिसलं तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा. आपल्याकडे अर्थिंगचं दुखणं जास्त, खारी हवा. मासळीच्या गाड्या बघा मिरकरवाड्याला, बर्फाचं खारं पाणी फ्लोअरखाली झिरपतं आणि वायरिंगचे कपलर आतून हिरवे पडतात. बाहेरून कपलर धडधाकट दिसतो, उघडला की मोरचूद. त्या गाडीत सेन्सर कितीही बदला, कोड परत येणारच. म्हणून व्हॅनमध्ये एक जुना टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा असू द्या.

सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतं. टॉर्च हवा. स्कॅनर लावून पेटलाच नाही तर फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचा आणि याचा फ्यूज एकच असतो आणि तो कुणीतरी स्वस्त मोबाइल चार्जर लावून उडवलेला असतो. चावी ऑन, इंजिन बंद, मग स्कॅनर जोडा. ‘स्टोअर्ड’ कोड बघा, ‘पेंडिंग’ही बघा. पेंडिंग म्हणजे बिघाड एकदा दिसलाय, दिवा लावायला अजून खात्री नाही. खरी हकिकत पुष्कळदा तिथेच सापडते. प्रत्येक कोड पूर्ण, शेवटच्या आकड्यासकट, वहीत. शेजारी तारीख, किलोमीटर, जागा, किती पेट्या भरल्या होत्या, पाऊस होता का, डिझेल कुठे आणि कधी भरलं. मग फ्रीझ फ्रेमचा फोटो. फोटोत आकडे वाचता येतात ना ते मोठं करून बघा, माझ्या भाच्याने काढलेल्या फोटोत सगळ्या आकड्यांवर ट्यूबलाइट होती.

एवढं झाल्यावरसुद्धा इरेज दाबू नका. गॅरेज अर्ध्या तासावर असेल तर कोड तसाच घेऊन जा, दिवा लागलेला असू दे, दिव्याने गाडी जळत नाही. पिवळ्या दिव्याबद्दल बोलतोय. तेलाचा लाल दिवा लागला किंवा पाण्याचा काटा वर गेला तर स्कॅनर-बिनर काही नाही, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. इरेज फक्त दोन वेळा दाबायचं: दुरुस्ती झाल्यावर, ती टिकते का बघायला. किंवा गाडी लिंप मोडमध्ये (कंप्युटर स्वतःच ताकद कमी करतो तेव्हा) अडकून घाटात धोक्याच्या वळणावर उभी असेल तेव्हा, आणि तेव्हाही आधी फोटो. एक फोटो काढायला दहा सेकंद लागतात. मला त्या दहा सेकंदांचे एका सेन्सरचे आणि एका खेपेचे पैसे पडले.

कोड म्हणजे बदलायच्या भागाचं नाव नव्हे. पी००८७ ला फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा, टाकीतली जाळी, पंप, प्रेशर व्हॉल्व्ह, परतीला जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर, यातलं काहीही असू शकतं. स्वस्तापासून सुरुवात करा. फिल्टर आधी, आणि त्याच्या खालचं पाणी सोडायचा बोल्ट त्याच्याही आधी. पावसाळ्यात पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढून पाच मिनिटं ठेवा, पाणी तळाला बसलेलं दिसतं. पी०४०१ (ईजीआरमधून, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, धूर कमी येतोय) आला की लोक थेट नवा ईजीआर घेतात, बऱ्याचदा तो नुसता काजळीने जाम असतो. पी०२९९ ला (टर्बोची हवा कमी पडतेय) टर्बोवर बिल फाडण्याआधी इंटरकूलरच्या पाइपाचे क्लिप हाताने हलवून बघा.

इथे एक ताकीद, जुन्या मिस्त्रींसाठी आणि त्यांच्याकडे बघून शिकलेल्यांसाठी. चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा नट ढिला करून कुठला सिलेंडर मिस मारतो ते बघायची सवय जुन्या इंजिनला चालून गेली. कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या आताच्या इंजिनला, अजिबात नाही. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं, बारीक धार कातडी फाडून आत जाते, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी हात जाऊ शकतो. गळती शोधायलाही बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. कुणाला लागलंच तर घरी हळद लावत बसू नका, तडक हॉस्पिटल.

बीएस-६ वाल्यांना डीपीएफचं वेगळं. गावातल्या गावात, पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारून काजळी साठते आणि पी२४६३ वगैरे येतो. दिवा लागल्या लागल्या हायवेवर अर्धा तास एका वेगात चालवली तर बऱ्याचदा जळून जाते. गॅरेजवाला उभ्या गाडीवर रीजनरेशन करणार असेल, म्हणजे ही काजळी जाळणार असेल, तर गाडी कुठे उभी आहे ते तुम्ही बघा. सायलेन्सरकडे तेव्हा पाच-सहाशे अंशांची आग असते. कलमांच्या बागेत पातेऱ्यावर (वाळक्या पाल्यावर), किंवा पेट्यांच्या पेंढ्याशेजारी, मुळीच नाही. मोकळी फरशी किंवा जांभा.

बाकीचं थोडक्यात. दुरुस्ती झाली की आता इरेज, मग त्याच लोडने त्याच चढाला गाडी न्या, अंगणात रेस करून काही कळत नाही. आल्यावर पेंडिंग परत बघा. काही आलं तर लिहा, हो, परत लिहा. डोंगल सॉकेटमध्ये ठेवून झोपू नका, चार दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते. स्कॅनर प्लास्टिकच्या डब्यात, नाहीतर खाऱ्या हवेने त्याच्याच पिना जातील. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून आत बघा, शेवाळी काळा निघाला तर टाकी धुवायला आली.

आणि वही व्हॅनमध्ये. माझी आत्ता हे लिहिताना टेबलावर आहे, ती आधी खाली नेऊन ठेवतो.